चैत्रातले डांबर

माझी आई चैत्रात जोतिबाला अनवाणी जायची. नवस कसला होता हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितले नाही. पौर्णिमा जवळ आली की चप्पल कोनाड्यात ठेवायची आणि पहाटे अंधारातच शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या बाजूने चालू लागायची. जाताना काही त्रास नसे. सडक गार असे, सोबत बायकांचा जथा असे, मागून सासनकाठ्यांबरोबरची हलगी ऐकू येई. त्रास असे तो परतीचा. गुलालाने माखलेली माणसे डोंगर उतरून खाली येईतो ऊन डोक्यावर आलेले असे आणि डांबर पाघळलेले. संध्याकाळी आई पायरीवर बसे, शेजारी वाटीत खोबरेल, आणि तिच्या टाचांना चिकटलेले डांबर सोडवायचे काम माझ्याकडे. १९७०-७१ ची गोष्ट असेल. मी दहा वर्षांचा होतो. तेलाने मऊ झालेले डांबर चिमटीत धरून ओढले की त्याची तार निघे. ती बारीक होत जाई आणि तुटे. ओढलेले टोक तसेच लोंबत राही, मागे सरत नसे.

हे ध्यानात ठेवण्याचे तेव्हा काही कारण नव्हते. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत आई अनेक वेळा आली, डांबर कधी आले नाही. ते आले बँकेच्या नोकरीत.

१९८८ साली मी कोल्हापुरातल्या एका शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. रस्त्यांची कामे घेणारे एक कंत्राटदार आमचे खातेदार होते. नाव सांगत नाही. ते आता हयात नाहीत. बँकेने त्यांना कॅश क्रेडिट दिले होते आणि तारण होता त्यांच्या गुदामातला माल, म्हणजे मुख्यतः डांबराची पिंपे. दर महिन्याला त्यांचे स्टॉक स्टेटमेंट येई आणि दर तिमाहीस मी जाऊन पिंपे मोजत असे. एका पिंपात दीडशे किलोच्या आसपास डांबर. मोजायची रीत सोपी होती. काठीने ठोकायचे, भरलेले पीप बद वाजते, रिकामे टणकन.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गुदामावर गेलो. जोतिबाच्या पायथ्याजवळच्या एका खेड्याच्या जोडरस्त्याचे त्यांचे काम नुकतेच पुरे झाले होते. एकेरी रस्त्याला, वीस मिलिमीटरचे कार्पेट आणि वरचा सीलकोट धरून, किलोमीटरला साठेक पिंपे लागतात. काम तीन किलोमीटरचे. हिशोबाने गुदामात पन्नास-पंचावन्न पिंपे उरायला हवी होती. मी एकशे दहा मोजली आणि सगळी बद वाजत होती.

बँकेच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. तारण कमी भरले तर बँकेचा माणूस घाबरतो; जास्त भरले तर तो चहा पितो. मीही प्यालो. पिंपे एवढी कशी उरली, असे सहज विचारल्यावर ते हसले. "साहेब, डांबर रस्त्यात गेलं की कुणाला दिसत न्हाई. गुदामात हाय तवर तुमास्नी तरी दिसतंय."

मी तपासणीच्या कागदावर सही केली. कर्ज सुरक्षित होते. किंबहुना रस्ता जितका भुकेला राहिला होता तितके ते अधिक सुरक्षित होते.

ऑगस्टात त्या रस्त्याची खडी सुटली. माझी थोरली बहीण, अक्का, श्रावण षष्ठीच्या यात्रेला भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून डोंगराकडे निघाली होती. गर्दी टाळायला म्हणून भाच्याने स्कूटर त्या गावरस्त्याला घातली. सुट्या खडीवर चाक सरकले. अक्काचे उजवे मनगट मोडले आणि ते किंचित वाकडेच बसून आले. आजही ती भाकरी थापते तेव्हा ते दिसते. पिंपांची गोष्ट तिला सांगायला मला तीस वर्षे लागली. ती म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस तर देवाला बोल लावला नसता."

निवृत्तीनंतर माणसे भगवद्गीता वाचायला घेतात. मी डांबर वाचायला घेतले.

पहिला धक्का नावातच बसला. आपण ज्याला डांबर म्हणतो ते मूळचे डांबर नव्हेच. दगडी कोळसा भट्टीत तापवला की जो काळा चीक सुटतो ते डांबर. आपल्या रस्त्यांवर असते ते बिटुमेन. खनिज तेलाचे पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे भाग काढून घेतल्यावर तळाशी राहणारा तो गाळ. पण बोलीभाषेने दोघांना एकच नाव दिले आहे आणि मीही या लेखात तेच वापरणार आहे.

हा पदार्थ कसा वागतो हे समजून घ्यायला कोल्हापूरकराला प्रयोगशाळेची गरज नाही, गुऱ्हाळ पुरे. काहिलीत रस आटत आला की तो पातळ असतो, ओतता येतो. निवत गेला की काकवीसारखा दाटतो, मग गूळ होतो आणि थंडीत फोडायला गेले तर खट्कन तुटतो. पदार्थ तोच, तापमानाप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो. डांबराचे नेमके असेच आहे. गुळव्या चिकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी पारख करतो. रस्त्याची माणसे शंभर ग्रॅम वजनाखालची सुई २५ अंश तापमानाला पाच सेकंद डांबरात रुतवतात आणि ती किती खोल गेली ते मोजतात. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले '८०-१००' किंवा '६०-७०' डांबर म्हणजे त्या सुईची खोली, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात. २००६ पासून आपल्याकडे ही प्रतवारी दाटपणावरून होऊ लागली आणि व्हीजी १०, व्हीजी ३० अशी नावे आली.

साधे डांबर पन्नास अंशांच्या अलीकडे-पलीकडे मऊ पडते. चैत्र-वैशाखात हवा ३७-३८ अंश असली तरी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. म्हणजे आईच्या टाचांना डांबर चिकटत होते त्यात कुणाची लबाडी नव्हती. पदार्थाचा धर्मच तो. मग अधिक घट्ट डांबर का वापरू नये? वापरतात की. पण ते उन्हाळ्यात टिकते आणि पुढे ठिसूळ होऊन लवकर तडकते, कारण डांबर म्हातारेही होते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातला तेलकट अंश कमी होत जातो, काळा रस्ता करडा दिसू लागतो आणि वाहनांच्या रोजच्या दाबाने जाळीदार भेगा पडतात. मऊ घ्यावे तर उन्हात चाकोरी पडते, कडक घ्यावे तर भेगा. रस्तेवाल्यांची शे-दीडशे वर्षांची डोकेदुखी एवढ्या एका वाक्यात मावते.

पॉलिमर येतो तो इथे.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या मित्राने मला त्याच्या प्रयोगशाळेत नेले. पाण्याच्या लांबट हौदात १५ अंशांना डांबराचा नमुना दोन्ही टोकांनी धरून हळूहळू ताणत नेला. दहा सेंटिमीटर लांब काळी तार झाली. मग कात्रीने मधोमध कापली. म्हणाला, "आता तासभर गप्पा मारू." तासाने पाहिले तर दोन्ही अर्धी टोके मागे सरकून आखडली होती, पुन्हा एकमेकांना टेकवायला त्याला हौदाचे सरकते टोक बरेच मागे आणावे लागले. शेजारच्या हौदातले साधे डांबर कापले होते तिथेच लोंबत पडले होते.

मी त्या लोंबत्या तारेकडे पाहत राहिलो. ती मला पन्नास वर्षांपासून माहीत होती. मागे सरणारी मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यात मिसळले होते एसबीएस, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन. नाव अवघड आहे, रचना सोपी आहे. प्रत्येक रेणू म्हणजे एक लांब दोरा. मधला भाग रबरासारखा लवचीक, दोन्ही टोके कडक. डांबरात गेल्यावर मधला भाग तेलकट अंश पिऊन साबुदाण्यासारखा फुगतो आणि अनेक दोऱ्यांची कडक टोके एकत्र येऊन गाठी बनतात. अशा असंख्य गाठींचे, सगळीकडे पसरलेले जाळे डांबराच्या पोटात तयार होते. वरून दाब आला की जाळे ताणले जाते, दाब गेला की मागे येते. खुबी अशी की या गाठी कायमच्या नसतात. शंभर अंशांच्या वर त्या सैल होतात, म्हणून प्लँटवर मिश्रण ढवळता येते, रस्त्यावर पसरता येते. निवले की गाठी पुन्हा बसतात. मृदुबिंदू वर सरकतो, म्हणून उन्हात टिकाव धरते. मधल्या भागाचा लवचीकपणा थंडीतही जात नाही, म्हणून तडकत नाही. मऊ की कडक या जुन्या भांडणात दोन्ही बाजूंना थोडा न्याय मिळतो.

आणि हे सगळे किती थोड्यावर! रस्त्याच्या एक टन मिश्रणात डांबर असते पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पन्नास किलो. बाकी सगळी खडी. त्या पन्नास किलोंत पॉलिमर पाच टक्के धरला तरी अडीच किलो. एका टनात अडीच किलो. गुऱ्हाळात रस निवळायला रानभेंडीचा चिकट रस घालतात त्याची मला आठवण झाली. मित्र म्हणाला, तोही निसर्गाने बनवलेला पॉलिमरच.

जोतिबाच्या घाटासारख्या ठिकाणी याची किंमत का अधिक, हे मला त्याने पुढे सांगितले, आणि या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. डांबराला ओझे किती यापेक्षा ते किती वेळ अंगावर राहिले हे अधिक कळते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी बस जेवढा वेळ एका जागेवर दाब देते त्याच्या सहापट वेळ ताशी १० किलोमीटरने चढणारी देते. डांबराच्या लेखी सावकाश ओझे आणि जादा ऊन यांत फरक नाही. दोन्हीने ते वाहू लागते. आता चैत्र यात्रा डोळ्यांसमोर आणा. भर उन्हाची वेळ, पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या एस.टी. गाड्या, मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वळणावर अर्धा-अर्धा तास खोळंबलेली रांग, उतारावर ब्रेक दाबून उभी असलेली वाहने. डांबराची परीक्षा घ्यायला याहून कडक पेपर काढता येणार नाही. सपाटीवर वर्षानुवर्षे टिकणारे मिश्रण अशा वळणावर एका हंगामात सरकून पुढे ढिगारा होते. सगळा रस्ता महाग डांबराने करायला पैसे नसतील तर निदान चढ, वळणे आणि एस.टी.चे थांबे त्याने करावेत, हे कुठल्याही बँकवाल्याला पटेल. जोखीम जिथे जास्त, तिथे विमा.

ही विद्या नवी नाही. डांबरात रबर घालण्याची पेटंटे १८४३ पासूनची आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेत, ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरात, चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी जुन्या टायरांचा भुगा डांबरात शिजवून खड्डे बुजवायला सुरुवात केली. आपल्याकडेही नियम कमी नाहीत. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते आणि त्या समितीच्या कामातून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिने सुधारित डांबराची मार्गदर्शिका १९९९ मध्ये काढली. मानक संस्थेचे मानक २००४ चे. म्हणजे अडचण ज्ञानाची नव्हती.

अडचण हिशोबाची होती, आणि हे मला कुणी अभियंत्याने शिकवावे लागले नाही. पॉलिमरचे डांबर साध्यापेक्षा महाग. निविदा उघडते तेव्हा पाहतात काय, तर कोण किती 'बिलो' गेला. रस्ता किती वर्षे टिकला हा आकडा त्या कागदावर कुठे नसतोच. युरोपात हे डांबर अमेरिकेच्या आधी रुजले, त्याचे एक कारण असे दिले जाते की तिकडे कंत्राटदाराला रस्त्याची हमी द्यावी लागे. हमी ज्याच्या गळ्यात, तो पहिल्या दिवसाच्या खर्चाऐवजी शेवटच्या वर्षाचा हिशोब करतो.

याचा पुरावा युरोपात शोधायची गरज नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता पाहा. सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो केला आणि दहा वर्षांची हमी दिली. पुढे तीसेक वर्षे त्या रस्त्यावर खड्डा पडला नाही, याची पुणेकर अजून अभिमानाने आठवण काढतात (पुणेकर अभिमानाने काय सांगत नाहीत, हा भाग वेगळा). त्यात एसबीएस नव्हते. साधेच डांबर, पण मापात घातलेले, योग्य तापमानाला ढवळलेले, नीट दाबलेले, आणि पाण्याला वाट करून दिलेली. त्यामुळे पॉलिमरची स्तुती करताना मी थोडा जपून करतो. अडीच किलो पॉलिमर घालून दहा किलो डांबर चोरले तर जाळे विणायचे कशात?

शिवाय हे द्रव्य लाडावलेले आहे. ते डांबरात साखरेसारखे विरघळत नाही. मोठ्या वेगाने घुसळून एकजीव करावे लागते आणि नीट बसले नाही तर टाकीत ठेवल्या-ठेवल्या सायीसारखे वर येते. म्हणून नमुना नळीत उभा तापवून वरच्या आणि खालच्या तुकड्याचा मृदुबिंदू मोजतात. तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर माल नापास. फार तापवले तर रबराचे दोरेच तुटतात. साध्या डांबरापेक्षा ते दाट असल्याने ढवळताना, दाबताना अधिक गरम लागते. प्लँट लांब असला, ट्रक वाटेत अडकला की घाटात पोचेतो निवते आणि रोलर वरून नुसता फिरतो. महाग माल घेऊन वाईट रस्ता करण्याची इतकी सोय दुसऱ्या कशात क्वचितच असेल.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलात तर गुलालाच्या, खोबऱ्याच्या, पाण्याच्या रिकाम्या पिशव्यांचा थर दिसतो. २०१८ च्या राज्यव्यापी बंदीनंतरही तो पुरता गेलेला नाही. हे प्लास्टिक रस्त्यात का घालू नये, असे मला अनेकांनी विचारले आहे. घालतात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ती पद्धत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १६०-१७० अंश तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकले की ते वितळून दगडावर पातळ आवरण चढते, मग वरून डांबर. डांबराचा सुमारे दहावा हिस्सा वाचतो आणि पाणी दगड-डांबराच्या मध्ये शिरायला कचरते. २०१३ मध्ये रोड्स काँग्रेसने यासाठीही मार्गदर्शिका काढली. पण गल्लत करू नये. पिशव्यांचे पॉलिथीन डांबराला घट्टपणा देते. त्या हौदातल्या तारेसारखे मागे फिरणे त्याच्याकडे नाही. आणि पीव्हीसी त्यात अजिबात चालत नाही. ते तापले की आम्लाचा विषारी धूर सोडते. म्हणजे पिशव्या आधी निवडायला हव्यात, धुवायला हव्यात. मग प्रश्न येतो, निवडणार कोण? तिथे बहुतेक उत्साह संपतो.

आणि पाणी. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्यावर जाणाऱ्या मुख्य रस्त्याचा मोठा भाग खचून दरीत गेला तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारले होते, ते तुमचे रबराचे डांबर असते तर? काही झाले नसते. खालची माती पाणी पिऊन सरकली तर वरचे पाच-सात सेंटिमीटर काय धरून ठेवणार? पॉलिमर डांबराचा स्वभाव बदलतो, डोंगराचा नाही. गटार तुंबलेले, मोरी बुजलेली आणि साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, असा घाट असेल तर आधी फावडे घ्यावे.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी दारात एक तरुण उभा. १९८८ च्या त्या कंत्राटदारांचा नातू. आजोबांचा धंदा वडिलांनी आणि आता त्याने चालवला आहे. हातात कर्जाच्या प्रस्तावाची फाईल. बँकेत देण्याआधी "काका, जरा नजर टाकता का" म्हणाला. मी चष्मा लावला. खर्चाच्या तक्त्यात पॉलिमरच्या डांबराची ओळ होती, आणि साध्यापेक्षा चांगलीच जड.

"स्वस्तातलं का नाही धरलं?" मी मुद्दाम विचारले.

"काम हायब्रिड ॲन्युइटीचं हाय, काका. बांधून झाल्यावर दहा वर्षं मलाच सांभाळायचा हाय. खड्डा पडला तर माझ्याच खिशाला."

आत अक्का भाकऱ्या थापत होती. तिने त्याला चहा आणून दिला. तो कुणाचा नातू हे तिला ठाऊक नव्हते आणि मी सांगितले नाही. फाईलमध्ये सगळे होते. यंत्रांची कोटेशने, तारणाची यादी, तीन वर्षांचे ताळेबंद. मी त्याला विचारले, टाकीत डांबर किती तापवता, किती वेळ ठेवता, ते कुणी रोज लिहून ठेवते का? त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. म्हणाला, वही असते प्लँटवर, पण ती बँकेला कशाला?

मी म्हटले, बँकेला नको. मला बघायचीय.

पुढच्या रविवारी आणतो म्हणाला.